पायथनमध्ये एका फंक्शनमधून अनेक व्हॅल्यू नावानिशी कशा परत द्यायच्या

वाशीच्या बाजार समितीत कांद्याची गाडी खाली झाली, तोल झाला, की शेवटी शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. वर ढोबळ रक्कम, तिच्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा, तळाला निव्वळ रक्कम. महापे किंवा ऐरोलीत बसून कुणी गाळ्यासाठी हा हिशोब पायथनमध्ये लिहायला घेतला, तर फंक्शन एकच, पण त्यातून बाहेर यायच्या रकमा पाच. त्या कशा परत द्यायच्या, हा या लेखाचा विषय.

आधी लिपीबद्दल थोडं. खालच्या कोडमधले कीवर्ड, लायब्ररीची नावं आणि आकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमनमध्येच टाइप करायचे. चलांची, फंक्शनची आणि फील्डची नावं मात्र जशी दिली आहेत तशीच चालतात. पायथन ३.० पासून देवनागरी नावं अधिकृतपणे मान्य आहेत. आकड्यांची गंमत अशी की ‘६०’ ही स्ट्रिंग इंट() ला दिली तर तो ती बरोबर वाचतो, पण कोडमध्ये थेट ६० लिहिलं तर सिंटॅक्स एरर. हमाली आणि तोलाईचे दर नमुन्यादाखल घेतले आहेत.

सगळ्यांना सुचणारी पहिली पद्धत ही:

    डेफ पट्टी_काढ(गोण्या, वजन, भाव, भाडं):
        ढोबळ = वजन * भाव
        हमाली = गोण्या * ६
        तोलाई = गोण्या * ३
        निव्वळ = ढोबळ - हमाली - तोलाई - भाडं
        रिटर्न ढोबळ, हमाली, तोलाई, भाडं, निव्वळ

स्वल्पविराम टाकून दिलेल्या पाच व्हॅल्यूंचं पायथन एक टपल करतो. म्हणजे परत येते ती एकच वस्तू, पाच कप्प्यांची. ६० गोण्या, ३,००० किलो, १८ रुपये किलो आणि ४,५०० रुपये भाडं दिलं की ५४०००, ३६०, १८०, ४५००, ४८९६० असे आकडे येतात. हिशोब बरोबर आहे. गडबड होते ती घेणाऱ्याकडे:

    ढोबळ, तोलाई, हमाली, भाडं, निव्वळ = पट्टी_काढ(६०, ३०००, १८, ४५००)

हमाली आणि तोलाईची अदलाबदल झाली, पण पायथनची काही तक्रार नाही. पाचही आकडे पूर्णांक. कपातीची बेरीज तीच, त्यामुळे निव्वळ रक्कमही जुळते आणि पट्टीवर कुणाला काही वावगं दिसत नाही. हमालीच्या खात्यात मात्र ३६० ऐवजी १८० जमा होतात, आणि महिनाअखेरीला ताळेबंद लागत नाही तेव्हा शोधाशोध सुरू होते. कप्प्यांची संख्या चुकली तर उलट बरं, कारण मग ‘टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक’ किंवा ‘नॉट इनफ व्हॅल्यूज टू अनपॅक’ असा व्हॅल्यूएरर जागच्या जागी येतो. घात करतो तो चुकलेला क्रम.

म्हणून साध्या टपलसाठी कसोटी सोपी ठेवावी. व्हॅल्यू दोनच, त्यांचा क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला, किंवा प्रकार इतके वेगळे की उलटसुलट झाल्या तर लगेच कळेल, अशा ठिकाणी टपल ठेवावा. पायथनचा स्वतःचा डिव्हमॉड() भागाकार आणि बाकी असा साधा टपलच देतो आणि त्यात कुणाचं अडत नाही. एकाच जातीच्या तीन किंवा जास्त व्हॅल्यू असतील, तर मात्र नावं द्यावीत.

नेम्डटपल: जुनं न मोडता नावं

कलेक्शन्स मॉड्यूलमधला नेम्डटपल २००८ साली पायथन २.६ मध्ये आला. आज नवा कोड लिहिताना टायपिंग मॉड्यूलमधलं त्याचं क्लासच्या रूपातलं भावंड वापरावं. ही मांडणी ३.६ पासून आहे आणि प्रत्येक फील्डचा प्रकारही सोबत लिहिता येतो.

    फ्रॉम टायपिंग इम्पोर्ट नेम्डटपल

    क्लास हिशोबपट्टी(नेम्डटपल):
        ढोबळ: इंट
        हमाली: इंट
        तोलाई: इंट
        भाडं: इंट
        निव्वळ: इंट

फंक्शनची शेवटची ओळ अशी बदलायची:

        रिटर्न हिशोबपट्टी(ढोबळ=ढोबळ, हमाली=हमाली, तोलाई=तोलाई,
                       भाडं=भाडं, निव्वळ=निव्वळ)

‘हमाली=हमाली’ हे दिसायला बाळबोध दिसतं आणि गाळायचा मोह होतो. गाळू नये. नुसतं हिशोबपट्टी(ढोबळ, हमाली, तोलाई, ...) लिहिलं तर क्रमाची जोखीम घेणाऱ्याकडून उचलून फंक्शनच्या आत आणून ठेवल्यासारखं होतं. उद्या कुणी क्लासमधल्या दोन ओळी वरखाली केल्या की पुन्हा तीच गडबड. नावानिशी दिलं तर क्लासमधला क्रम काहीही असो, रक्कम आपल्याच कप्प्यात जाते. एखादं नाव राहून गेलं तर टाइपएरर येतो आणि कोणतं राहिलं तेही त्यात लिहिलेलं असतं.

घेणारा आता असं लिहितो:

    पट्टी = पट्टी_काढ(६०, ३०००, १८, ४५००)
    प्रिंट(पट्टी.निव्वळ)

नुसती पट्टी प्रिंट केली तर हिशोबपट्टी(ढोबळ=५४०००, हमाली=३६०, तोलाई=१८०, भाडं=४५००, निव्वळ=४८९६०) असं नावासकट येतं. लॉग वाचणाऱ्याचे श्रम तिथेच निम्मे वाचतात.

क्लासचं नाव नुसतं ‘पट्टी’ का ठेवलं नाही? रोमनमध्ये क्लासचं नाव मोठ्या अक्षराने आणि चलाचं लहान अक्षराने सुरू करून फरक दाखवता येतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत. फंक्शनच्या आत पट्टी = पट्टी(...) असं लिहिलं की पायथन त्या फंक्शनपुरतं ‘पट्टी’ला स्थानिक चल धरतो, क्लास दिसेनासा होतो आणि अनबाउंडलोकलएरर येतो. त्यामुळे देवनागरी नावं वापरायची तर क्लाससाठी वेगळं, थोडं लांब नाव ठेवायची सवय लावून घ्यावी. दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. काही कीबोर्ड हे जोडाक्षर उमटवताना मध्ये न दिसणारं जोडणारं चिन्ह घालतात, आणि ‘शेतकऱ्याचे_नाव’ हे वरवर बिनचूक दिसणारं चल ‘इन्व्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर’ म्हणत अडतं. र आणि नुक्ता मिळून होणारा ‘ऱ’ टाइप करून पुढे हलन्त आणि य दिलं की प्रश्न सुटतो.

नेम्डटपलची खरी ताकद ही की तो आतून टपलच असतो. जुन्या कोडमध्ये जिथे पाच चलांत अनपॅक केलंय, म्हणजे कप्पे सुटे करून घेतलेत, किंवा पट्टी[४] असं काढलंय, ते सगळं तसंच चालू राहतं. सीएसव्हीत लिहायचं तर रायटरच्या राइटरो() ला पट्टी थेट देता येते आणि मथळ्याची ओळ हिशोबपट्टी._फील्ड्स मधून मिळते. डेटाबेसमधून आलेली ओळ हिशोबपट्टी._मेक(ओळ) ने पट्टीत बसवता येते, फक्त सिलेक्टमधल्या स्तंभांचा क्रम क्लासशी जुळायला हवा. एखादी रक्कम बदलायची तर पट्टी._रिप्लेस(भाडं=४२००) नवी पट्टी देतो आणि जुनी तशीच राहते. यात एक खोच आहे: निव्वळ रक्कम त्याने आपोआप बदलत नाही. ती जुन्याच भाड्यावरची राहते. यावर उपाय पुढे येतो.

टपल असल्याचे तोटेही तितकेच खरे, आणि ते सहसा उशिरा कळतात.

दोन पट्ट्यांची बेरीज घ्या. पट्टी१ + पट्टी२ लिहिलं की वाटतं रकमा रकमांत मिळतील. मिळत नाहीत. दोन टपल एकमेकांना जोडले जाऊन दहा कप्प्यांचा साधा टपल होतो, नावं गळून पडतात, आणि एररही येत नाही. मॅक्स(पट्ट्या) लिहिलं तर तुलना पहिल्या फील्डने होते, म्हणजे सर्वात जास्त ढोबळ रकमेची पट्टी मिळते; निव्वळवर हवी असेल तर की=लॅम्डा प: प.निव्वळ असं सांगावंच लागतं. समानतेतही फसगत आहे. वजनपावती नावाचा दुसरा नेम्डटपल असेल आणि योगायोगाने त्याचे पाचही आकडे तेच असतील, तर पायथनच्या दृष्टीने ती पावती आणि ही पट्टी एकच.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते जेसनपाशी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे डेटा मजकुराच्या रूपात पाठवताना. जेसन.डम्प्स(पट्टी) केलं की बाहेर पडते ती आकड्यांची नुसती यादी, [५४०००, ३६०, १८०, ४५००, ४८९६०]. ज्या नावांसाठी एवढा खटाटोप केला तीच गायब. आधी पट्टी._ॲजडिक्ट() करून मगच जेसनकडे द्यावं. सोबत एन्शुअर_आस्की=फॉल्स ही द्यावं, नाहीतर ‘हमाली’च्या जागी युनिकोडच्या आकड्यांची माळ दिसते. फ्रंटएंडचा कोड ती वाचेल, पण लॉग बघणाऱ्या माणसाला काही उमजणार नाही.

फील्डचं नाव अंडरस्कोरने सुरू करता येत नाही आणि पायथनचा कीवर्ड ठेवता येत नाही. रोमन नावं वापरत असाल तर काउंट आणि इंडेक्स ही दोन टाळा. टपलच्या त्याच नावाच्या मेथड त्यामुळे झाकल्या जातात. क्लास फाइलच्या वरच्या पातळीवर लिहावा, फंक्शनच्या आत कधीच नाही. आत लिहिला तर दर कॉलला नवा क्लास तयार होतो. वेळ वाया जातो तो वेगळाच, शिवाय अशी पट्टी पिकल होत नाही, म्हणजे बाइट्समध्ये बांधून दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवता येत नाही, आणि मल्टिप्रोसेसिंग तिथेच थांबतं.

डेटाक्लास: वाढणाऱ्या पट्टीसाठी

आज पाच रकमा आहेत. उद्या वाराई ही आणखी एक कपात येईल, परवा उचल, म्हणजे शेतकऱ्याने आधी घेतलेले पैसे, तीही वजा करायची म्हणतील. नेम्डटपलमध्ये सहावं फील्ड घातलं की पाच चलांत अनपॅक करणारी प्रत्येक ओळ मोडते. हिशोब वाढणार हे आधीच दिसत असेल, तर सरळ डेटाक्लासने सुरुवात करावी. तो २०१८ साली पायथन ३.७ सोबत आला.

    फ्रॉम डेटाक्लासेस इम्पोर्ट डेटाक्लास

    @डेटाक्लास(फ्रोझन=ट्रू, स्लॉट्स=ट्रू, केडब्ल्यू_ओन्ली=ट्रू)
    क्लास हिशोबपट्टी:
        ढोबळ: इंट
        हमाली: इंट
        तोलाई: इंट
        भाडं: इंट
        उचल: इंट = ०

        @प्रॉपर्टी
        डेफ निव्वळ(सेल्फ):
            रिटर्न (सेल्फ.ढोबळ - सेल्फ.हमाली - सेल्फ.तोलाई
                    - सेल्फ.भाडं - सेल्फ.उचल)

कंसातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. फ्रोझन दिलं की तयार झालेली पट्टी कुणी बदलू शकत नाही, पट्टी.हमाली = ० लिहिलं की फ्रोझनइन्स्टन्सएरर. परत दिलेला हिशोब वाटेत कुणी हळूच बदलावा, असं कुणालाच नको असतं. केडब्ल्यू_ओन्ली दिलं की पट्टी बनवताना नावं लिहिणं सक्तीचं होतं. वर नेम्डटपलपाशी जी सवय स्वतःहून लावायची होती ती इथे पायथनच लावतो. स्लॉट्समुळे मेमरी कमी लागते. केडब्ल्यू_ओन्ली आणि स्लॉट्स हे दोन्ही ३.१० पासून आहेत. त्याहून जुनं व्हर्जन असेल तर नुसतं फ्रोझन ठेवावं आणि नावं आठवणीने लिहावीत.

निव्वळ रक्कम आता फील्ड नाही, प्रॉपर्टी आहे. ती साठवून ठेवली जात नाही, मागितली की काढली जाते. त्यामुळे भाडं बदलून नवी पट्टी केली तरी निव्वळ आपोआप जुळते, आणि मघाची _रिप्लेसची खोच उरत नाही. हाच बदल नेम्डटपलमध्येही करता येतो, पण तिथे पाचाचे चार कप्पे होऊन जुनं अनपॅकिंग मोडेल. प्रॉपर्टीची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: ॲजडिक्ट(पट्टी) फक्त फील्ड उचलतो, प्रॉपर्टी सोडून देतो. जेसनमध्ये निव्वळ हवी असेल तर ती वेगळी घालावी लागते. ॲजडिक्ट न करता पट्टी जेसनला दिली तर टाइपएरर येतो, आणि नेम्डटपलच्या मुकाट्याने दिलेल्या यादीपेक्षा तो परवडला.

फील्डमध्ये लिस्ट ठेवायची असेल, उदाहरणार्थ प्रत्येक गोणीचं वजन, तर डीफॉल्ट म्हणून रिकामे चौकोनी कंस लिहू नयेत. डेटाक्लास व्हॅल्यूएरर देऊन ते नाकारतो; फील्ड(डीफॉल्ट_फॅक्टरी=लिस्ट) असं लिहावं. फ्रोझनचा पहाराही लिस्टच्या दारापर्यंतच असतो. पट्टी.वजनं ला दुसरी लिस्ट लावता येत नाही, पण पट्टी.वजनं.अपेंड(४९) बिनदिक्कत चालतं. पक्का बंदोबस्त हवा तर लिस्टऐवजी टपल ठेवा.

‘ढोबळ: इंट’ हा प्रकार पायथन चालताना तपासत नाही. तिथे स्ट्रिंग दिली तरी पट्टी तयार होते आणि वजाबाकीच्या वेळी कोड पडतो. तपासणी हवी असेल तर फंक्शनच्या मथळ्यात बाणाने परतीचा प्रकार हिशोबपट्टी असा लिहून मायपाय हे प्रकार तपासणारं साधन चालवावं, पट्टी.हमली सारखी टायपिंगची चूकही मग कोड चालवण्याआधीच पकडली जाते. पैशांसाठी फ्लोट वापरू नये. इथे पूर्ण रुपये आहेत म्हणून इंट ठेवला. पैसेही मोजायचे असतील तर रक्कम पैशांत धरून इंट ठेवावा किंवा डेसिमल वापरावा.

डिक्शनरी कधी

डिक्शनरीत नावं असतात, वाढवायला सोपी, जेसनला थेट चालते. पण पट्टी['हमली'] = ३६० लिहिलं तर ती हू की चू न करता नवी की तयार करते, आणि वाचताना कीएरर येईल तो भलत्याच फाइलमध्ये. म्हणून डिक्शनरी वेशीवर असावी: बाहेरून जेसन येतं तिथे आणि बाहेर जातं तिथे. आतल्या फंक्शनांमध्ये ती फिरवू नये. जुन्या कोडमुळे फिरवावीच लागली तर ३.८ पासूनच्या टाइप्डडिक्टने कीची नावं जाहीर करता येतात, पण त्याचा उपयोग मायपायसारख्या तपासनिसालाच. कोड चालताना ती साधी डिक्शनरीच असते. सिंपलनेमस्पेसही आहे, तो नोटबुकात चटकन काही करून बघायला ठीक.

काही न मिळाल्यास

ज्या गाडीचा तोलच झालेला नाही तिची पट्टी मागितली तर? अनेकजण मध्येच नुसतं रिटर्न लिहून मोकळे होतात. म्हणजे कधी पट्टी, कधी नन, ही पायथनची ‘काहीच नाही’ सांगणारी व्हॅल्यू. घेणारा अनपॅक करत असेल तर ‘कॅनॉट अनपॅक नॉन-इटरेबल ननटाइप’ येतं, नावाने घेत असेल तर ॲट्रिब्यूटएरर. तोल न होणं ही चूक असेल तर एरर रेझ करा. ते रोजचंच असेल तर ‘हिशोबपट्टी किंवा नन’ असा परतीचा प्रकार जाहीर करा आणि घेणाऱ्याने इफ पट्टी इज नन असंच तपासावं. सगळी फील्ड नन भरून पोकळ पट्टी परत देऊ नये. नेम्डटपल असो वा डेटाक्लास, इफ पट्टी: ला ती खरीच वाटते आणि कोड पुढे धावतो. एकच व्हॅल्यू देणाऱ्या ओळीच्या शेवटी चुकून स्वल्पविराम राहिला तर एका कप्प्याचा टपल परत जातो, हेही अशा वेळी एकदा पाहून घ्यावं.

चालू कोडमध्ये बदल करताना

पट्टी_काढ() चाळीस ठिकाणी वापरलं जात असेल तर एका दिवसात सगळं बदलायला जाऊ नये. आधी साध्या टपलच्या जागी नेम्डटपल आणा. फील्डचा क्रम जुना तोच. काही मोडत नाही. मग सवडीने एकेक फाइल घेऊन अनपॅकिंगच्या जागी पट्टी.हमाली, पट्टी.निव्वळ असं करत जा, आणि पट्टी[४] सारखे आकडे शोधून काढा. शेवटी डेटाक्लासवर जा, पण चुकून राहिलेल्या अनपॅकिंगसाठी त्यात तात्पुरती एक मेथड ठेवा:

        डेफ __आयटर__(सेल्फ):
            वॉर्निंग्ज.वॉर्न('पट्टी अनपॅक करू नका, नावाने घ्या',
                          फ्यूचरवॉर्निंग, स्टॅकलेव्हल=२)
            रिटर्न आयटर((सेल्फ.ढोबळ, सेल्फ.हमाली, सेल्फ.तोलाई,
                        सेल्फ.भाडं, सेल्फ.निव्वळ))

स्टॅकलेव्हल=२ मुळे इशाऱ्यात या मेथडची नव्हे, अनपॅक करणाऱ्या ओळीची फाइल आणि क्रमांक दिसतो. फ्यूचरवॉर्निंग मुद्दाम निवडलं आहे. डेप्रिकेशनवॉर्निंग मुख्य फाइलबाहेर एरवी दाबून टाकलं जातं. उचल या यादीत नाही हेही मुद्दाम: जुन्या ओळींना पाचच रकमा माहीत आहेत, त्यांना पाचच मिळाव्यात. पायथनमध्ये या युक्तीला जुना दाखला आहे. ओएस.स्टॅट() जे परत देतो ते टपल म्हणून घेतलं तर आजही दहाच कप्पे देतं, आणि नॅनोसेकंदांतली वेळ वगैरे नंतर आलेली फील्ड फक्त नावानेच मिळतात.

चौकोनी कंसातला आकडा या मेथडने सुटत नाही, तिथे टाइपएररच येईल. ते आधीच्या टप्प्यात साफ झालेलं असायला हवं. टेस्ट चालवून इशारे यायचे थांबले, तरी महिनाअखेरीचा हिशोब एकदा प्रत्यक्ष होऊ द्या, कारण त्या वेळीच चालणारे रिपोर्ट टेस्टमध्ये बहुधा नसतात. त्यानंतर __आयटर__ काढून टाकायला हरकत नाही.